पागोळीखालची चार बोटं

देवरुखजवळ माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, खिडक्यांच्या ग्रिल, पत्र्याच्या शेड हीच रोजची कामं. त्या वर्षी मे महिन्यात वरच्या वाडीतल्या काकूंनी कोंबड्यांसाठी पिंजरा करायला सांगितला. रात्री कोंबड्या खुराड्यात असायच्या, त्याची काळजी नव्हती. पण दिवसा घरातली सगळी लावणीला गेली की मुंगूस एखादी उचलून न्यायचं. १२ बाय ८ फुटांची पाइपांची चौकट, चारी बाजूंनी कोंबडी जाळी, वर पत्रा. दोन दिवसांत काम झालं, पैसे मिळाले, मी विसरूनही गेलो.

आषाढात एका दुपारी काकूंचा फोन आला. "जरा येऊन जा," एवढंच म्हणाल्या.

मी गेलो तेव्हा पाऊस थांबला होता. पिंजऱ्यात सात कोंबड्या मरून पडल्या होत्या, बहुतेक एकाच कोपऱ्यात, एकमेकींवर. मानेला चावे, बाकी अंग तसंच. जाळीत पिसं अडकलेली. कोंबडा छपराच्या पट्टीवर अंग चोरून बसला होता आणि खाली उतरायला तयार नव्हता. आठवी कोंबडी खुडूक होती, म्हणून काकूंनी तिला पडवीत डालग्याखाली अंड्यांवर बसवलं होतं. तेवढी वाचली.

काकू मला काही बोलल्या नाहीत. चिखलाचे पाय तसेच घेऊन त्या पायरीवर बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मोकळ्या असत्या तर फणसावर तरी चढल्या असत्या रे."

ते वाक्य आजही माझ्या कानात आहे. गावठी कोंबडी मोकळी असली की मुंगसाची चाहूल लागताच ओरडते, फडफडत फांदीवर जाते. एखादी जाते, बाकीच्या सुटतात. मी त्यांची पळायची वाटच बंद केली होती आणि मुंगसाची उघडी ठेवली होती. आत येता येत असेल तर पिंजऱ्यासारखी वाईट जागा नाही. त्यापेक्षा पिंजरा नसलेला बरा.

मी गुडघ्यावर बसून चौकटीच्या कडेने फिरलो. मागच्या बाजूला पत्रा चौकटीच्या जेमतेम तीन इंच पुढे आलेला. त्याच्या पागोळ्या महिनाभर पाइपाच्या पायाशीच पडत होत्या. मातीत ओळीने खड्डे पडले होते आणि कोपऱ्यात, जिथे पाणी वळत होतं, तिथे पाइपाखालून माती वाहून गेली होती. चार बोटं आडवी आत गेली. पुढचं मुंगसाने नखांनी उकरलं होतं. जाळीच्या कापलेल्या टोकाला एक राठ केस अडकला होता. चिमटीत धरून उजेडात बघितला, एक पट्टा पांढरट, एक तपकिरी, परत पांढरट. मुंगसाचाच.

म्हणजे भोक मुंगसाने पाडलंच नव्हतं. ते माझ्या पत्र्याने पाडलं होतं.

शेजारचे एक जण म्हणाले, फासकी लावू. मी हात जोडले. १९७२च्या वन्यजीव कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे ही एक गोष्ट. दुसरी म्हणजे घराभोवतीचे उंदीर आणि साप तेच खातं. आणि एक मारलं तर त्याच वाटेने दुसरं येणार. वाट बुजवायची असते.

काकूंना सांगितलं, हा पिंजरा मी परत बांधून देतो, पैसे नकोत. पावसात उघड्यावर वेल्डिंग करणं म्हणजे शॉकला आमंत्रण, म्हणून भाग दुकानात जोडले आणि जागेवर नुसते बोल्ट कसले.

पहिली गेली ती कोंबडी जाळी. षटकोनी घरांची ही जाळी कोंबडीला आत ठेवायला पुरते, बाहेरच्याला थोपवायला नाही. तार पातळ, नुसता पीळ दिलेला. कुत्र्याने दातात धरून ओढली तर उसवते. तिच्या जागी अर्ध्या इंची घरांची वेल्ड जाळी घेतली. महाग पडते, पण मोठा उंदीरही शिरत नाही आणि बाहेरून पंजा आत येत नाही. ती बाइंडिंग तारेने बांधली नाही. कडेवर लोखंडी पट्टी ठेवून दर सहा इंचांवर वायसर घालून स्क्रू मारला. तार गंजून तुटली की जाळी सुटते, आणि आमच्याकडच्या पावसात ती गंजतेच.

मग जमीन. जाळी दोन फूट खोल पुरा असं बरेच जण सांगतात. आमच्याकडे अर्ध्या फुटावर कातळ लागतो, तिथे चर कोण खणणार? म्हणून दोन फूट रुंद जाळी चौकटीला जोडून बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरली आणि वर माती आणि दगड घातले. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी पायाशी येऊन उकरायला लागतो. तिथे नखाला जाळी लागते. दोन फूट मागे सरकून उकरावं हे त्याला सुचत नाही. हे मला आधी माहीत नव्हतं असं नाही. गिऱ्हाइकाने मागितलं नाही म्हणून केलं नव्हतं.

पत्रा दीड फूट पुढे काढला आणि पागोळी जिथे पडते तिथे चिऱ्यांची ओळ लावली. पत्र्याच्या पन्हाळ्या आणि पाइप यांच्यामध्ये बोटभर फटी राहतात, म्हणून पत्र्याखालीही जाळी मारली.

दाराला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. जुन्या दाराला मधोमध एकच कडी होती. ती लावून खालचा कोपरा अंगठ्याने दाबला तर तीन बोटं फट पडत होती. काकूंनाही दाबून बघायला लावलं. आता वर एक कडी, खाली एक, दोन्हींना खिळी, आणि दार बसायला चिऱ्याचा उंबरा. आत आडवं गोल लाकूड बसायला, आणि एका कोपऱ्यात पत्र्याखाली कोरडी राख, अंग घोळायला. ९६ चौरस फूट जागा आहे. कोंबडीमागे दहा धरले तर नऊच्या वर ठेवू नका, हेही सांगून आलो.

संध्याकाळी सगळी हत्यारं आवरल्यावर मी आत शिरलो, दार लावून घेतलं आणि जमिनीवर आडवा होऊन चारी बाजूंना बघितलं. मुंगसाच्या उंचीवरून कुठे उजेड दिसतो का ते. पाठ चिखलाने भरली, पण उजेड दिसला नाही. तेव्हापासून कोणाचाही पिंजरा मी असा आडवा होऊन बघितल्याशिवाय देत नाही, आणि खालची आडवी जाळी गिऱ्हाईक नको म्हणालं तरी घालतो. नको असेल तर काम घेत नाही.

दहा-बारा दिवसांनी गेलो तर डालग्यातल्या अकरा अंड्यांपैकी नऊ फुटली होती. काकू पिल्लांना कण्या टाकत होत्या. मी मागच्या कोपऱ्याकडे गेलो. चौकटीच्या पायाशी वीतभर माती ताजी उकरलेली होती. खाली जाळी उघडी पडली होती, तिच्या तारांवर नखांचे बारीक ओरखडे. तिथून चार पावलांवर परत एक प्रयत्न, तसाच अर्धवट सोडलेला.

मी माती परत लोटली, वर दोन चिरे ठेवले आणि काकूंना हाक मारून ती जागा दाखवली.