सी-७चा शेवटचा रकाना

विधानसभेसाठी इच्छुकांचे अर्ज मागवल्याचा निरोप ऑगस्ट २०२४ मध्ये आला, तेव्हा तुरीत खुरपणीला बायका लावल्या होत्या आणि मी त्यांच्यासोबत बांधावर भाकरी खात होते. फोनवरचा निरोप मोठ्यानं वाचला. एक म्हातारी बाई म्हणाली, ‘भर की मग. आमची कामं तर तूच करतीस.’ त्याच आठवड्यात मी अर्ज भरला. महिलांसाठी पक्षनिधी निम्मा होता, तरी तो भरताना हात जड झाला.

बावीस वर्षं मी या पक्षात आहे. २०१७ ते २०२२ जिल्हा परिषदेवर होते. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, प्रशासक बसला, आणि मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्यातले लोक रेशनकार्ड, रोहयोचं मस्टर, टँकरची फेरी असली कामं घेऊन माझ्याकडे येतच राहिले. माझ्याकडे पद नाही हे त्यांना ठाऊक होतं.

अर्ज चार पानांचा होता. मतदारसंघात कुठला समाज किती, किती बूथवर तुमची माणसं आहेत, विरोधात कोण उभं राहील, खर्चाची तयारी काय. गुन्हे असल्यास तपशील, यासाठी एक ओळ. आमदार झाल्यावर काय करणार, हे चार पानांत कुठंच विचारलेलं नव्हतं. मी मागच्या कोऱ्या बाजूला ते लिहिलं आणि पिन मारून दिलं.

मुलाखतीला जिल्ह्याच्या ठिकाणी तीन निरीक्षक आले होते. बाहेर गाड्या, फेटे, घोषणा. मी एसटीनं गेले होते, सोबत आमच्या गटातल्या सहा बाया. आत सात-आठ मिनिटं मिळाली. पहिलाच प्रश्न : ‘ताई, तुमचा समाज किती?’ दुसरा खर्चाचा. आयोगाची मर्यादा चाळीस लाखांची आहे, माझ्याकडे आठ एकर कोरडवाहू आहे आणि यजमानांचा शिक्षकाचा पगार आहे, असं मी सरळ सांगितलं. ‘मर्यादेचं राहू द्या, ताकदीचं बोला,’ असं उत्तर आलं.

मी सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचं नाव काढलं. एकाच शेतकरी कामगार पक्षातून अकरा वेळा आमदार. १९७२ला हरले, १९९५ला हरले, पण ना त्यांनी पक्ष सोडला, ना पक्षानं त्यांना. ‘तो काळ गेला, ताई.’ मी म्हणाले, ‘साहेब, त्यांची शेवटची निवडणूक २०१४ची. तेव्हाही ते निवडून आले होते.’ यावर कुणी काही बोललं नाही. पुढच्या इच्छुकाचं नाव पुकारलं गेलं.

निरीक्षकांतले एक वयस्कर गृहस्थ नंतर चहाच्या टपरीवर भेटले आणि मनापासून बोलले. ‘आम्हाला तुमचं काम कळत नाही असं नाही. पण तत्त्व सांभाळून पाच वर्षं विरोधात बसलो, तर तुमच्या त्या टँकरचं कोण बघणार?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. सत्तेबाहेरच्या सदस्याची फाईल कशी टेबलावर पडून राहते, हे मी जिल्हा परिषदेत पाच वर्षं पाहिलेलं आहे. निवडून येणं ही क्षुल्लक गोष्ट आहे असं मी तेव्हाही म्हणत नव्हते, आजही म्हणत नाही.

सप्टेंबरात पक्षाचा सर्व्हे झाला. बाजाराच्या दिवशी दोन पोरं टॅब घेऊन फिरली. त्यांनी आमच्या गावातल्या एका मुलीला विचारलं, ‘या तिघांपैकी कोण आवडेल?’ त्या तिघांत माझं नाव नव्हतं. तिनं मुद्दाम माझं नाव सांगितलं, तर ‘इतर’वर बोट लावून पोरं पुढं गेली. सर्व्हेत माझं काय आलं ते मला कधी कळलं नाही, पण कसं आलं असेल ते त्या दिवशी कळलं.

निवडून येण्याची क्षमता, नेत्यांच्या भाषेत ‘इलेक्टिव्ह मेरिट’, ही जणू वजनकाट्यावर तोलायची वस्तू आहे असं सगळे बोलतात. मी मात्र ती तयार होताना पाहिली. ज्यांना पुढं तिकीट मिळालं ते दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या पक्षातून आले. आले की त्यांना जिल्ह्याच्या समितीवर घेतलं, निधी त्यांच्या शिफारशीनं वाटला जाऊ लागला, प्रत्येक मेळाव्यात त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. मग सर्व्हे काढला आणि लोक त्यांना ओळखतात असं निघालं. लोक ओळखणारच की! यातली चौथाई ताकद पक्षानं सतरंज्या उचलणाऱ्या एखाद्या जुन्या माणसामागं उभी केली असती, तर तोही सर्व्हेत दिसला असता.

२९ ऑक्टोबर उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख, धनत्रयोदशी. मी आदल्या दिवशी, वसुबारसेला, अर्ज भरला होता. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचं पत्र, आला नाही तर अर्ज बाद होऊ नये म्हणून मी दहा जणांच्या सह्या घेतल्या होत्या. अनामत दहा हजार. त्यातले चार हजार बचत गटातल्या बायांनी वर्गणी काढून दिले. तिकीट नाकारल्याचा फोन मला कुणी केला नाही. दुपारी तीनच्या आत एबी फॉर्म दुसऱ्या पक्षातून आलेल्या त्या उमेदवाराच्या हातात पोचला, ही बातमी मला रिक्षावाल्यानं दिली.

दिवाळीतच स्थानिक पेपरात एक चौकट आली. नमुना सी-७. गुन्हे प्रलंबित असलेला उमेदवार निवडला तर पक्षानं ४८ तासांच्या आत त्या गुन्ह्यांचा तपशील आणि निवडीचं कारण पेपरात छापायचं, असा नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ फेब्रुवारी २०२०च्या आदेशातून तो आला. कारण हे शिक्षण, कामगिरी आणि गुणवत्ता यांवर आधारलेलं हवं, नुसतं ‘निवडून येऊ शकतो’ हे कारण चालणार नाही, असं न्यायालयानं स्पष्ट म्हटलंय. बिहारच्या निवडणुकीत हे नीट पाळलं नाही म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये पक्षांना एक लाख ते पाच लाखांचे दंड झाले.

आमच्या उमेदवारावर पाच गुन्हे होते. तीन आंदोलनातले. त्यांचं मला काही वाटत नाही, रास्ता रोको आम्हीही केलेत. उरलेले दोन फसवणुकीचा आणि मारहाणीचा. आणि शेवटच्या रकान्यात प्रश्न असतो : गुन्हे नसलेल्या इतर व्यक्तींची निवड का करता आली नाही? त्यापुढे छापलं होतं की, इतर इच्छुकांच्या तुलनेत उमेदवाराचा जनसंपर्क व स्वीकारार्हता अधिक आहे.

त्या ‘इतर’मध्ये मी होते. बावीस वर्षं पक्षात काढल्यावर पक्षानं माझ्याबद्दल छापलेलं हे पहिलं वाक्य, आणि त्यात माझं नाव नव्हतं. चौकट कापून मी पाकिटात ठेवली.

भाऊबीजेच्या रात्री भाऊ ओवाळून घेऊन बसला आणि आम्ही वहीवर आकडे मांडले. अपक्ष लढले तर कितीही ताणलं तरी माझी बेरीज पंधरा हजारांपुढं जात नव्हती. ती सगळी मतं आमच्याच बाजूची फुटणार होती आणि समोरचा येणार होता, ज्याच्या विचारांविरुद्ध मी उभं आयुष्य बोलले. लिहिता लिहिता हात थांबला. निरीक्षकांनी माझं जे केलं तेच मी स्वतःचं करत होते, समाज किती, बूथ किती. भाऊ म्हणाला, ‘अक्का, तुझी वेळ आली की तूही हेच बघतीस ना?’ बघावंच लागतं. फरक एवढाच की मी माझं नाव यादीत धरून आकडे मांडले होते.

४ नोव्हेंबरला दुपारी तीनच्या आत मी अर्ज मागे घेतला. वर्गणी देणाऱ्या बायांपैकी दोघी त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. जिल्हाध्यक्षांना मी सांगितलं, या उमेदवाराच्या व्यासपीठावर मी बसणार नाही, शेजारच्या मतदारसंघात पक्षाचं काम करीन. केलंही, २० तारखेच्या मतदानापर्यंत.

२३ नोव्हेंबरला ते निवडून आले. सर्व्हे त्यांच्याबाबत खरा ठरला. सभागृहात २८८ पैकी २१ बायका पोचल्या. शपथपत्रं तपासणाऱ्या एडीआर संस्थेनं २८६ विजेत्यांचा अभ्यास केला, त्यात १८७ जणांनी स्वतःवरचे गुन्हे जाहीर केले होते. सगळ्याच पक्षांचे काटे एकाच प्रकारच्या माणसाला जड दाखवत असतील, तर मतदाराला निवडायला उरतं काय?

पुढच्या वर्षी नगरपरिषदांच्या निवडणुका लागल्या, मतदान २ डिसेंबर २०२५ला. या खेपेला पक्षानं मला मुलाखती घेणाऱ्यांत बसवलं. पहिली मुलगी आत आली, परिचारिका, प्रभागातल्या नाल्याचे फोटो घेऊन. माझ्या शेजारच्यांनी विचारलं, ‘खर्चाचं काय?’ मी म्हणाले, ‘आधी तो नाला सांगू दे.’

निकष मला बदलता आले नाहीत. दोन जागा अशाच गेल्या, ज्यांच्यामागं पैसा होता त्यांना. पण प्रत्येक नावापुढं कारण लिहायचं, नाकारलेल्यांच्याही, हा हट्ट मी सोडला नाही, आणि तो रकाना माझ्या हस्ताक्षरात भरला. अर्जाची मुदत संपायच्या आदल्या रात्री नाकारलेल्या अकरा जणींना मी एकेक करून फोन लावले. ती परिचारिका त्यांत होती. तिनं मला पाऊण तास प्रश्न विचारले, आणि मी फोन ठेवला नाही.