भगीरथ, गौतम, एकलव्य आणि आमची स्मरणिका

आमच्या अभ्यासकेंद्राची स्मरणिका काढायचं ठरलं आणि विद्यापीठाच्या इतिहासावरचा लेख माझ्या गळ्यात मारला गेला. आठवडाभर मी कॉलेजात इतिहास शिकवतो आणि रविवारी त्याच वर्गात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा समंत्रक, म्हणजे घरी राहून शिकणाऱ्यांना मार्गदर्शन करणारा शिक्षक, म्हणून उभा राहतो, तेव्हा दुसरं नाव सुचण्याचा प्रश्नच नव्हता. केंद्र संयोजकांची अपेक्षा माफक होती. १९८९चा कायदा, नाशिकला स्थापना, पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले, मग विभागीय केंद्रं आणि शेवटी शुभेच्छा. असा लेख एका संध्याकाळी होतो, छापलाही जातो. वाचत कोणी नाही.

म्हणून मी आधी संपर्क सत्राला येणाऱ्यांना आणि जुन्या विद्यार्थ्यांना विचारत सुटलो: या विद्यापीठाबद्दल तुम्ही काय काय ऐकलंय? ऐकीव गोष्टींचा ढीग जमला. इथे पुस्तक उघडून पेपर लिहू देतात, इथली पदवी सरकारी नोकरीला चालत नाही, हे विद्यापीठ यशवंतरावांनी स्वतः काढलं. चूक आणि बरोबर अशा दोन रकान्यांत हे वाटून टाकायचा मोह इतिहासाच्या मास्तराला होतोच. पण तसं केलं की चुकीचा रकाना केराच्या टोपलीत जातो आणि नेमका तोच मला हवा होता. मी प्रत्येक गोष्टीला वहीचं एकेक पान दिलं. गोष्टीत नायक कोण, गाळलंय कोणाला, आणि सांगणाऱ्याला ती का सांगावीशी वाटते, एवढंच त्या पानावर लिहीत गेलो.

यशवंतरावांचं पान सगळ्यात आधी भरलं. ते गेले नोव्हेंबर १९८४ मध्ये, विद्यापीठ आलं त्यानंतर साडेचार वर्षांनी. म्हणजे तारखांच्या हिशेबात ही कथा उभीच राहत नाही. पण ती सांगणारे बहुतेक साठीच्या पुढचे होते, आणि गप्पा लांबल्या की ते हमखास ई.बी.सी.च्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांच्या, फी सवलतीवर यायचे. ती सवलत यशवंतराव मुख्यमंत्री असतानाची. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ साली निघालं, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. आपल्या घरात शिक्षण आलं ते कोणामुळे, याचं उत्तर या मंडळींनी कधीच ठरवून ठेवलं होतं. पाटीवर नाव दिसलं आणि ते उत्तर तिथे जाऊन चिकटलं. विद्यापीठाला हेच नाव का दिलं गेलं असावं, हे मला शासकीय कागदांपेक्षा या चुकीच्या गोष्टीतून जास्त कळलं.

मग गंगा. विद्यापीठाचं ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’, मुख्यालयाच्या परिसराचं नाव ज्ञानगंगोत्री, आणि जागा गंगापूर धरणाजवळ. एवढं झाल्यावर ताकवले सरांना भगीरथ म्हटलं जाणारच. आधी पुणे विद्यापीठाचं कुलगुरूपद सांभाळलेल्या माणसाने शून्यातून हे उभं केलं, तेव्हा उपमा वावगीही नाही. पण पुराणातली कथा नीट आठवा. भगीरथाच्या आधी सगर, अंशुमान आणि दिलीप होऊन गेले, आणि त्यांच्या हयातीत गंगा काही आली नाही. मी हीच वंशावळ समोर ठेवून शोधायला लागलो, तर पूर्वज सापडत गेले: दिल्ली विद्यापीठाचे १९६२चे पत्रद्वारा अभ्यासक्रम, १९८२चं आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ, १९८५चं इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचीही अशीच एक लाडकी कथा आहे. हॅरॉल्ड विल्सन यांनी म्हणे १९६३च्या ईस्टरच्या रविवारी बसून आराखडा लिहून काढला. काढला असेलही. पण समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांनी ही कल्पना आदल्याच वर्षी छापून मांडली होती, आणि विल्सन पंतप्रधान झाल्यावर ती नेटाने तडीस नेली त्यांच्या मंत्री जेनी ली यांनी. गोष्टीला भगीरथ एकच पुरतो.

आम्हा नाशिककडच्या लोकांची गंगा मात्र वेगळी आहे, ती म्हणजे गोदावरी, आणि माझ्या लेखाचा खरा गाभा तिथेच सापडला. आमच्याकडे गंगा आणली गौतम ऋषींनी, गोहत्येच्या पातकातून सुटण्यासाठी. ब्रह्मगिरीवर ती उतरली खरी, पण थांबेना. सारखी गुप्त व्हायची. शेवटी गौतमांनी कुश टाकून तिला अडवली, ते त्र्यंबकेश्वरचं कुशावर्त. आणणं आणि अडवणं अशी या कथेत दोन कामं आहेत. मुक्त विद्यापीठाचं दुसरं काम केलं ते गावोगावच्या अभ्यासकेंद्रांनी. दुसऱ्याच्या कॉलेजचे वर्ग, रविवारचा दिवस, किल्ल्या सांभाळणारा शिपाई, पुस्तकांचे गठ्ठे सोडवणारा कारकून. शासकीय इतिहासात यांचा उल्लेख ‘अभ्यासकेंद्रे’ या एका शब्दात आटोपतो. मी आमच्या शिपाईकाकांवर अख्खा परिच्छेद लिहिला.

एकलव्याचं पान सर्वांत अवघड गेलं. विद्यार्थी अभिमानाने सांगतात, “सर, आम्ही एकलव्य.” मातीच्या पुतळ्याच्या जागी स्वयं-अध्ययनाचं पुस्तक, इथपर्यंत ठीक. पण पुढे अंगठा येतो, त्याचं काय? बारावी न झालेले कितीतरी जण पूर्वतयारी शिक्षणक्रम पार करून बी.ए.ला आले, पदवीधर झाले, आणि एखाद्या कार्यालयाच्या खिडकीशी “बारावी कुठंय?” या प्रश्नाला अडले. मुक्त विद्यापीठांच्या पदव्या इतर पदव्यांशी समकक्ष माना, असं पत्र विद्यापीठ अनुदान आयोगाला २०१३ साली काढावं लागलं, यातच काय ते आलं. पदवी नोकरीला चालत नाही ही अफवा कुठून उगवली, ते मला या पानावर कळलं.

संयोजक म्हणाले, “सर, अंगठ्याचं गाळू या का? शुभप्रसंग आहे.” मी नाही म्हटलं. तेवढ्यात एक अंगणवाडीताई त्यांचं प्रथम वर्षाचं जुनं पुस्तक स्मरणिकेत फोटो छापायला घेऊन आल्या. समासात पेन्सिलीने दुधाचा हिशेब, त्याच्याच खाली स्वाध्यायाची उत्तरं. त्यांना एकलव्याबद्दल विचारलं तर हसल्या. “त्याला निदान घरचं काही नव्हतं हो सर.” फोटो एकलव्याच्या परिच्छेदाशेजारी छापला आणि खाली त्यांचं हे वाक्य दिलं. तारखांची चौकट मलपृष्ठाच्या आत गेली. संयोजकांची त्यालाही हरकत नव्हती.