भिलारला जाताना चष्मा विसरू नका

आईची शाळा सातवीत सुटली. त्यानंतर तिने वाचलं ते पोथी, पंचांग आणि वाण्याकडून आलेल्या पुड्यांचे कागद. त्यामुळे अडुसष्टाव्या वर्षी तिला भिलारला, ‘पुस्तकांच्या गावाला’ नेतोय म्हटल्यावर तिने विचारलं, “तिथं मी काय करू?” मी म्हटलं, “स्ट्रॉबेरी खा.” माझीही अपेक्षा खरं तर तेवढीच होती.

पुण्याहून सुरूर फाटा, वाई, पसरणीचा घाट आणि पाचगणी. भिलार पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधे आहे. आम्ही एसटीने पाचगणीला उतरलो आणि रिक्षा केली. परतीची रिक्षा तेव्हाच ठरवून ठेवा. आम्ही ठेवली नाही, आणि संध्याकाळी पिशव्या घेऊन रस्त्यावर उभे राहिलो.

गावातल्या घरांत वाचायला पुस्तकं ठेवायचा हा प्रकल्प ४ मे २०१७ ला सुरू झाला. राज्य मराठी विकास संस्था तो चालवते. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून सुचलेली, पण तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत आणि इथे विक्रीच नाही. सुरुवातीला २५ ठिकाणी मिळून पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं होती, पुढे ती वाढत गेली. कुणाची ओसरी, कुणाचा पुढचा खण, कुठे देऊळ, कुठे शाळा. एका घरी कथा, दुसऱ्या घरी कविता, आणखी कुठे संतसाहित्य, चरित्रं, दिवाळी अंक. आत जायचं, बसायचं, वाचायचं. पैसे नाहीत. फक्त पुस्तक बरोबर न्यायचं नाही.

पहिल्या तासात आम्ही सहा घरं उरकली. रंगवलेल्या भिंतींसमोर फोटो, कपाटावरून एक नजर, पुढचं घर. ही चूक तुम्ही करू नका. सातव्या घरी आईचे गुडघे बोलायला लागले म्हणून बसलो, ते चरित्र-आत्मचरित्रांचं घर निघालं. तिने उगाच एक पुस्तक उघडलं आणि लांब धरलं. चष्मा घरीच राहिला होता. घरातल्या आजी वाटाणे सोलत होत्या. त्यांनी आपला चष्मा काढून पुढे केला, “लावून बघा की, जुळंल नंबर.”

जुळला. पुढचे तीन तास मी चहा पीत बसलो.

आजींना मी विचारलं, तुम्ही वाचता का? म्हणाल्या, “आधी नुस्ती पुसून ठेवायची मी. मग येणारी माणसं विचारायला लागली, यातलं चांगलं कुठलं? काय सांगणार? मग घेतलं वाचायला.” आपल्या गावात वाचनालय काढायचं म्हणून कुणी पाहणीला जाणार असेल, तर कपाटांची मापं घेण्याआधी अशा एखाद्या आजींशी गप्पा मारा. आमच्या गावातही ग्रामपंचायतीच्या खोलीत एक कपाट आहे. त्याची किल्ली कुणाकडे असते, हे मला आजवर कळलेलं नाही.

एक दोन गोष्टी आणखी. थंडीत स्ट्रॉबेरीचा हंगाम असतो, तेव्हा माणसं शेतात गुंतलेली असतात. एखादं दार बंद दिसलं तर कडी वाजवत बसू नका, शेजारच्या घरी जा. शनिवार-रविवारी पर्यटकांची वर्दळ असते, मधला वार बरा. पावसाळ्यात धुकं सुंदर असतं, पण पाऊस असा कोसळतो की एका घरातून दुसऱ्या घरात जाणंही नको होतं. काही घरांत राहायची-जेवायची सोय होते. जमलं तर एक मुक्काम कराच, कारण पुस्तक अर्ध्यात सुटतं.

आमचं सुटलंच. आईने एसटीच्या तिकिटामागे पुस्तकाचं नाव आणि पान १४२ लिहून घेतलं. परतल्यावर तालुक्याच्या वाचनालयात ते सापडलं. सभासदत्वाच्या अर्जावर ‘शिक्षण’ असा रकाना होता. आईने सातवी लिहिलं, थोडं थांबली, आणि पेन परत न देता ग्रंथपालांना विचारलं, “एका वेळी दोन देता का हो?”