शेवटची शंकरपाळी

आधी हा घट माझ्या मनात भरलाच नव्हता. जोर्वे संस्कृतीचा, म्हणजे महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाण युगातल्या शेतकरी वस्त्यांचा, साधारण इ.स.पू. १४०० ते ७०० या काळातला. उंच गळा, गोल पोट, तांबडा लेप आणि खांद्यावर काळ्या रंगात शंकरपाळ्यांची पट्टी, प्रत्येक शंकरपाळी आडव्या रेघांनी भरलेली. पण सगळ्या इतक्या एकसारख्या, की छापल्यासारख्या वाटायच्या.

जुने सांधे सैल झाले म्हणून संग्रहालयातला हा घट दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर आला. जोर्वेची खापरं चांगली भाजलेली असतात. बोटाच्या पेराने हलकेच टकटक केलं तर धातूसारखी खणखणतात. हा एका बाजूला खणखणला, दुसऱ्या बाजूला बद्द वाजला. खोली अंधारी करून अतिनील दिवा लावला, तर बद्द बाजूच्या कडेने नारिंगी रेघ उजळली. चपडा, म्हणजे लाखेपासून केलेला चिकट पदार्थ! पूर्वी खापरं जोडायला तो सर्रास वापरत. म्हणजे ही बाजू जुन्या दुरुस्तीची, आत प्लास्टर होतं, आणि नक्षी? ओला बोळा एका कोपऱ्यात टेकवला, तो काळा झाला. लेपावर रंगवून भाजलेली खरी नक्षी अशी उतरत नाही.

प्लास्टर काढायला पूर्ण दिवस गेला. स्पिरिटच्या बोळ्याने चपडा मऊ करायचा, थांबायचं, सुरीच्या टोकाने खपली उचलायची. इथे घाई चालत नाही. लेप पातळ असतो, एकदा खरवडला की गेलाच. संध्याकाळी लक्षात आलं, की दुरुस्ती करणाऱ्याने नुसतं भोक बुजवलं नव्हतं. शेजारच्या धडधाकट खापरांवरही त्याने प्लास्टर पसरलं होतं. का, ते शेवटची खपली निघाली तेव्हा कळलं.

पट्टी जिथे फिरून सुरुवातीला येऊन मिळते तिथे जागा संपली होती. शेवटची शंकरपाळी इतरांच्या निम्म्या रुंदीची, दोन्हीकडून चेंगरलेली. इतरांत सात रेघा, हिच्यात जेमतेम तीन, आणि तिसरी शेजारणीवर चढलेली. भांडं फिरवत रंगवणाऱ्याचा अंदाज चुकला होता. अंतर कमी पडतंय हे दिसल्यावर त्याने, किंवा तिने, कुंचला थांबवला नाही. मावेल तेवढी शंकरपाळी काढून पट्टी पुरी केली. मी भिंग डोळ्याला लावून किती वेळ बसले होते, सांगता येत नाही. तीन हजार वर्षांपूर्वीचा एक घाईचा क्षण हाताच्या अंतरावर होता, आणि तो कुणालातरी नीटनेटका करावासा वाटला होता.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन विभागातले सहकारी म्हणाले, "मॅडम, आधीचाच बरा दिसत होता." बरा दिसत होता, खरं आहे. पण ती अर्धी नक्षी आमच्याच काळातली होती. वाद बराच वेळ चालला. शेवटी आमच्या विभागप्रमुख बाईंनी स्वतः भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, "भोक बुजव, पण नक्षी काढू नकोस."

तसंच केलं. भराव किंचित फिका आणि पृष्ठभागापेक्षा अर्धा मिलिमीटर खाली ठेवला, म्हणजे जवळून पाहणाऱ्याला नवं कुठलं, जुनं कुठलं, ते कळेल. सांधे अ‍ॅसिटोनने पुन्हा सोडवता येतील अशा गोंदाने जोडले. निघालेलं प्लास्टर, रंगवलेल्या शंकरपाळ्यांसकट, घटाचाच नोंदणी क्रमांक घालून डबीत ठेवलं आहे. तेही घटाच्या आयुष्याचा भाग आहे.

मांडताना घट थोडा फिरवला. चेंगरलेली शंकरपाळी आता काचेसमोर आहे.