दोघांनाही कॅन्सर, आणि फॉर्मवरचा 'सोबतची व्यक्ती' हा रकाना

केमो देऊन त्याच दिवशी घरी सोडतात त्या डे केअरच्या फॉर्मवर एक रकाना असतो. सोबतची व्यक्ती, नातं, फोन नंबर. माझ्या फॉर्मवर यांचं नाव होतं, यांच्या फॉर्मवर माझं. कित्येक वर्षं बँकेपासून सगळीकडे हेच लिहीत आलोय, त्यामुळे वेगळा विचार करायचं काही कारणच नव्हतं. माझं ब्रेस्टचं ऑपरेशन होऊन केमो ठरत होती तेवढ्यात यांचा कोलोनोस्कोपीचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीचा, रिपोर्ट आला, तिथे कॅन्सर निघाला, मग यांचंही ऑपरेशन झालं, आणि दोघांच्या केमो जवळपास एकाच सुमाराला सुरू झाल्या. ऑपरेशनं, बायोप्सी, स्कॅन हे सगळं तसं सुरळीत पार पडलं, खोटं कशाला बोलू. अडलो ते त्या रकान्यापाशी.

काउंटरवरची मुलगी कॉम्प्युटरमधून मान वर न करता म्हणाली, "मॅडम, हे तर आपलेच पेशंट आहेत. पेशंटला पेशंट अटेंडंट चालत नाही." म्हटलं बरं, मग शेजारीण येईल. तर म्हणे नातेवाईकच पाहिजे. आमची मुलगी दुसऱ्या गावी, तिची नोकरी, तिची लहान पोरं, ती दर खेपेला कुठून येणार? "मग तुम्ही बघा." हे 'तुम्ही बघा' मी इतक्यांदा ऐकलंय ना, की आजाराचा नाही एवढा त्या दोन शब्दांचा राग अजून डोक्यात आहे.

बरं, नियमामागचं कारण चुकीचं नाही. ते डॉक्टरांनी समजावलं तेव्हा पटलं. केमोच्या आधी दिलेल्या औषधांनी गुंगी येते, कधी रिअॅक्शन येते, घरी एकटं जाऊ देत नाहीत. आणि आमच्यापैकी ज्याच्या पांढऱ्या पेशी खाली गेल्यात त्याने त्या गर्दीच्या हॉलमध्ये दिवसभर बसून राहणं म्हणजे इन्फेक्शनला आमंत्रणच. पण हे काउंटरवर कोणी सांगितलं नाही, आणि मग करायचं काय हे तर अजिबातच नाही. एकाच छताखाली दोन पेशंट असू शकतात हे त्या फॉर्म बनवणाऱ्याच्या डोक्यातच आलेलं नाही.

त्यातून तारखांचा घोळ. माझी केमो दर २१ दिवसांनी, यांची दर १४ दिवसांनी. दोघांचे डॉक्टर वेगळे, दोघांची कॅलेंडरं वेगळी, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. मी वहीत चौकटी आखून बसले तेव्हा कळलं की दोघांचा वार एकच असेल तर पहिली तारीख कशीही मागेपुढे धरा, दर ४२ दिवसांनी दोघं एकाच दिवशी येणारच, त्यातून सुटका नाही. सुटका फक्त वार बदलण्यात. काहीजण म्हणाले एकाच दिवशी घ्या की, एका खेपेत काम होईल. अजिबात ऐकू नका. एकाच दिवशी घेतली की दोघं एकदमच आडवे, आणि रात्री कोणाच्या अंगात ताप आहे हे बघायलाही घरात कोणी धड उभं नाही.

शेवटी मार्ग काढला तो केमोच्या वॉर्डातल्या कोऑर्डिनेटर सिस्टरनी. वॉर्डबाहेर बाकावर मी वही घेऊन बसले होते, त्यांनी विचारलं काय चाललंय, आणि मी सगळं ओकले. त्या म्हणाल्या नातेवाईकच हवा असं कुठे लिहिलेलंच नाही, सूचना नीट ऐकून घेईल आणि पेशंटला घरी नेऊन सोडेल असं कुणीही सज्ञान माणूस चालतं. शेजारीण, मैत्रीण, ऑफिसमधलं कोणी, कुणीही! काउंटरवाल्यांनी आपल्या मनाने नातं चिकटवलं होतं. सिस्टरनी दोघांच्या फाइलवर तसं लिहिलं, वर मोठ्या अक्षरात 'जोडीदारही उपचारावर' असं लिहिलं, आणि दोन्ही डॉक्टरांशी बोलून यांचा सोमवार आणि माझा गुरुवार असं ठरवून दिलं. यांना घरी जाताना औषधाचा पंप लावून सोडतात, तो साधारण ४६ तास चालतो, म्हणजे बुधवारी सुटतो. माझा गुरुवार येईपर्यंत निदान नळीतून तरी मोकळे. मला बाहेर येऊन रडू आलं, आनंदानेच, पण थोडं संतापानेही, कारण हे पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगू शकलं असतं.

म्हणून सांगते, काउंटरशी वाद घालत बसू नका. थेट कोऑर्डिनेटर किंवा सोशल वर्करला गाठा. आणि सोबत म्हणून एकाचं नाही, तीन-चार जणांची नावं द्या, नाहीतर ते एक माणूसही थकतं.

तापाचं सांगायचं राहिलं. दोघांचे थर्मामीटर वेगळे ठेवा. १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला की वेळ न बघता हॉस्पिटलला फोन, त्यांना विचारल्याशिवाय तापाची गोळी घ्यायची नाही, ताप झाकला जातो. आमच्यात ठरलं होतं, फोन ज्याला ताप नाही त्याने करायचा, कारण तापवाला नेहमी म्हणतो "काही नाही, उतरेल सकाळपर्यंत."

केमोनंतर ४८ तास लघवी, उलटी साफ करताना ग्लोव्हज घालायला सांगतात, फ्लश दोनदा, झाकण लावून. आमच्याकडे तर ज्याने साफ करायचं तोही पेशंट, त्यामुळे शक्य तेव्हा ज्याचं त्याने. यांच्या औषधाने गार वस्तूला हात लावला की बोटांत मुंग्या यायच्या, गार पाणी घशातून जायचं नाही, म्हणून फ्रीजचा दरवाजा माझ्याकडे. मला वास सहन व्हायचे नाहीत, म्हणून गॅससमोर हे. चव कशी होती ते विचारू नका.

लोकांचं काय सांगू. कोणी विचारायचं "दोघांत जास्त कोणाचं आहे?" जास्त म्हणजे? मार्कं आहेत का ही? एकाने तर हळूच विचारलं की एकाचं दुसऱ्याला लागलं का. नाही हो, कॅन्सर असा एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. पण जास्त-कमीचा तो खेळ आमच्यातही सुरू झाला होता, आणि तो वाईट. माझी हाडं दुखत असली की मी गप्प बसायची कारण यांचं पोट दुखतंय, आणि हे गप्प कारण माझे केस गेलेत. दोघं एकमेकांना सांभाळतोय म्हणत एकमेकांपासून लपवत होतो. ज्याची केमो त्या आठवड्यात, त्याने हक्काने कुरकुरायचं, असं ठरवलं तेव्हा जरा बरं झालं. शिवाय मी समुपदेशकाकडे एकटी जायला लागले, कारण "तुम्ही आधी गेलात तर माझं काय" हे यांना कसं विचारणार? यांच्याही मनात तेच असणार.

संमतीपत्रं, बँक, विमा, इमर्जन्सी नंबर, सगळीकडे आम्ही एकमेकांचीच नावं दिलेली. तिसऱ्या माणसाचं नाव घाला, आणि त्या माणसाला सगळं आधी सांगून ठेवा. मुलांना आई-वडील दोन्ही बाजूंचा आजाराचा इतिहास लागतो. त्यांच्या डॉक्टरांना दोन्ही रिपोर्ट दाखवायला सांगा. आई-वडिलांपैकी कोणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर असेल तर मुलांची तपासणी चाळिशीत, किंवा आई-वडिलांना ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर ते, असं साधारणपणे सांगतात. मुलगी हे ऐकून चिडली होती, पण गेली.

माझ्या २१ दिवसांच्या केमो संपून आता दर आठवड्याच्या सुया चालू आहेत, यांच्याही अजून थोड्या बाकी आहेत. आणि हो, आडनाव एकच असल्यामुळे रक्ताचे रिपोर्ट अदलाबदल होतात, आमचे झालेत, तेव्हा काउंटरवरून हलायच्या आधी पूर्ण नाव, वय आणि फाइल नंबर वाचून घ्या. गोळ्यांचे डबे वेगळ्या रंगाचे ठेवा, उलटीची गोळी दोघांची एकच असली तरी, कारण केमोबरोबर देतात ते स्टेरॉइड कोणी कधी घ्यायचं ते वेगळं असतं आणि ते संध्याकाळी उशिरा घेतलं की झोप येत नाही.