टोमालेस खाडी: कुरणं बघायची तर पावसात

सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेला साधारण ६५ किलोमीटरवर पॉइंट रेयेस स्टेशन हे गाव लागतं. वळणं फार, दीड तास धरा. तिथून हायवे १ने टोमालेस खाडीच्या पूर्व काठाने मार्शलकडे निघालं की उजव्या हाताला गुरांच्या टेकड्या आणि डावीकडे कालवांची (ऑयस्टर शिंपल्यांची) शेती. टेकडीवरचं पाणी शेणासकट थेट कालवांत कसं उतरतं, हे इतकं जवळून क्वचितच बघायला मिळतं. खाडी २० किलोमीटर लांब आणि जेमतेम दीड किलोमीटर रुंद. दक्षिणेच्या टोकाला आलेलं पाणी लवकर बाहेर जात नाही.

उन्हाळ्यात जाऊ नका, निदान यासाठी तरी. तेव्हा ओढे आटलेले आणि शेण वाळलेलं असतं. जानेवारी-फेब्रुवारीत, पाऊस पडत असताना किंवा थांबल्यावर दोन-चार तासांत पोचायला हवं. गमबूट आणि दुर्बीण घ्या, पेट्रोल पॉइंट रेयेस स्टेशनलाच भरा, पुढे फोनला रेंज धड नसते. पश्चिमेकडच्या पॉइंट रेयेस राष्ट्रीय किनाऱ्यावरच्या (हे संरक्षित उद्यान आहे) गोठ्यांची जुनी वर्णनं वाचून निघू नका. जानेवारी २०२५च्या न्यायालयीन तडजोडीत तिथल्या १२ गोठ्यांनी जागा सोडायचं मान्य केलं. पूर्वेकडची बहुतेक कुरणं खासगी आहेत; ती कुंपणाच्या बाहेरूनच बघायची.

पहिला थांबा टोमालेस बे ट्रेल. स्टेशन गावाच्या उत्तरेला दोनेक किलोमीटरवर सुरू होणारी ही वाट कुरणातून खाली जाकोमिनी पाणथळीच्या काठाशी जाते. ही पाणथळ म्हणजे पूर्वी दुभत्या गाईंची जमीन होती. बांध फोडून २००८मध्ये तिथे भरतीचं पाणी परत घेतलं. उतरताना पायाखाली बघा. गवत उभं असेल तिथे पाणी पसरून, जवळजवळ नितळ झिरपतं. गुरांच्या पायवाटेवर मात्र त्याचा तपकिरी ओहोळ होतो. गवताचा एक-दोन मीटरचा पट्टासुद्धा शेणातले बहुतेक जिवाणू अडवतो, पण पाणी पसरून वाहत असेल तरच. एकदा घळ पडली की पट्टा दहा मीटरचा असला तरी पाणी मधूनच निघून जातं.

म्हणून चराईच्या मोसमाच्या शेवटी, पहिल्या पावसाआधी किती सुकं गवत उरलं, हा आकडा महत्त्वाचा. इथल्या किनारी कुरणांसाठी शिफारस आहे सपाटीला हेक्टरी साधारण १,३५० किलो, तर तीव्र उताराला २,३५०. मोजायला अर्धा मीटर बाजूची चौकट टाकायची, आतलं गवत जमिनीलगत कापून वाळवायचं, वजनाच्या ग्रॅमला ४०ने गुणायचं. सपाटीला ३४ ग्रॅम, तीव्र उताराला ५९ ग्रॅमच्या खाली आलात तर गुरं हलवायला उशीर झालाय.

पुढे मार्शलपर्यंत गाडी हळू चालवा आणि थांबायचं तर फक्त रुंद कडेला. गुरांच्या डोणी (पाणी प्यायच्या कुंड्या) शोधा. नुसतं कुंपण घालून ओढा वाचत नाही, आधी पाण्याची सोय लागते. मांसासाठी पाळलेल्या गाईला दिवसाला ४० ते ६० लिटर पाणी लागतं. ५० गाई म्हणजे ३,००० लिटरपर्यंत. त्या येतात कळपाने. डोण लहान किंवा नळी बारीक असली तर मागच्या गाई वाट बघत नाहीत, ओढ्यात उतरतात. डोण ओढ्यापासून निदान ५०-६० मीटर दूर, चढावर, खाली खडीचा थर. तरंगत्या गोळ्याच्या झडपेवर झाकण हवंच. गाई ती नाकाने ढकलतात, डोण रात्रभर वाहते आणि तिथूनच ओढ्यापर्यंत चिखलाचा नवा पाट तयार होतो.

कुंपणाच्या चुका पुरानंतर दिसतात. काठाला चिकटून रोवलेले खांब दरडीबरोबर जातात. ओढ्यावरून आडवी ताणलेली तार फांद्या अडवते आणि दोन्हीकडचं कुंपण ओढून नेते. तिथे पुराबरोबर वर उचलणारं, टांगतं फाटक लागतं. आत वाळुंज लावतात: हिवाळ्यात पानं नसताना कापलेल्या, अंगठ्याएवढ्या जाड, ६० ते ९० सेंटिमीटरच्या काठ्या, दोन-तृतीयांश जमिनीत. डोळे वरच्या दिशेला हवेत. घाईत उलट्या रोवल्या तर त्या नीट फुटायच्या नाहीत. कुंपणाआधी लावल्या तर तो गुरांचा चारा.

दुभत्या गोठ्यात प्रश्न वेगळा, छपराचा. १०० चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे २,५०० लिटर चांगलं पाणी. पन्हळ नसेल तर ते शेणाच्या अंगणात पडतं आणि ऐन पावसात शेणाचा हौद ओसंडतो. एवढ्या स्वस्त उपायाकडे इतकं दुर्लक्ष का होतं, कळत नाही.

सगळा दोष गाईंचा मात्र नाही. १९९८ साली इथली कालवं खाऊन दीडशेहून जास्त लोक आजारी पडले तो विषाणू माणसांचा होता. २००५मध्ये जंतूंसाठी मर्यादा ठरल्या तेव्हा घरांचे सेप्टिक टँक, बोटी आणि गोठे सगळेच त्यात आले. चराईचे नियम २००८चे. कालवांच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे मलजन्य कोलिफॉर्मचा (शेण-विष्ठेतल्या जिवाणूंचा) मध्यांक १४च्या वर चालत नाही.

नमुने घेण्याचा विचार असेल तर परवानगी काढा, निर्जंतुक बाटली प्रवाहाच्या मध्यावर, तोंड पाणी येतं त्या दिशेला करून भरा आणि बर्फात ठेवून सहा तासांत प्रयोगशाळेत पोचवा. कुरणाच्या वर एक, खाली एक, असे जोडीनेच घ्या. नुसत्या खालच्या नमुन्यावरून दोष कुणाचा ते ठरत नाही.

मार्शलला कालवं खायची असतील तर निघण्याआधी फोन करा. ठरावीक पाऊस झाला की काढणी काही दिवस बंद असते, म्हणजे या सहलीला योग्य दिवस बहुधा कालवांना अयोग्य.