झिनियामागचा शिक्का

रत्नागिरीतल्या एका काकूंनी ऐन श्रावणात दिवाणखान्यातलं तैलचित्र माझ्याकडे दुरुस्तीला आणलं. काचेच्या बरणीत झिनियाची फुलं. यजमान अमेरिकेत नोकरीला असताना त्यांनी जुन्या सामानाच्या विक्रीत घेतलेलं. फुलांवर पांढुरके ठिपके आले होते.

ठिपके बुरशीचे. ती ओढवली फ्रेमवाल्याच्या करणीने. तैलचित्राला काच लावायचीच तर रंग आणि काच यांत फट हवी. यानं काच थेट रंगावर दाबली, मागून हार्डबोर्ड ठोकला, वर कडा गोंदाने बंद केल्या. आमच्याकडे पावसाळ्यात पोह्यांचा डबा उघडा राहिला तरी पोहे मऊ पडतात. मग आत कोंडलेला दमट कॅनव्हास कुठे सुकणार? काच उचलताना रंगाचे पापुद्रे तिच्याबरोबर सुटू लागले. एकेका पापुद्र्याखाली बारीक ब्रशने माशाचा गोंद सोडायचा, पापुद्रा दबला की पुढचा. बोटभर जागेला दुपार गेली. असं काम करून हे लोक ‘चित्र सुरक्षित केलं’ म्हणतात, याची मला चीड येते.

हार्डबोर्ड निघाला आणि लाकडी चौकटीवर शिक्का दिसला: फेडरल आर्ट प्रोजेक्ट, डब्ल्यूपीए. महामंदीत डब्ल्यूपीए या रोजगार खात्यातर्फे बेकार चित्रकारांना पगार देणारी अमेरिकन सरकारची योजना, १९३५ ते १९४३. चित्रं शाळांना, इस्पितळांना, कचेऱ्यांना लावायला दिली; मालकी सरकारने स्वतःकडेच ठेवली. योजना गुंडाळताना न्यूयॉर्कमध्ये कितीतरी कॅनव्हास भंगारात वजनावर विकले गेले. तरी आजही तिथलं सरकार सापडलेल्या चित्रांवर हक्क सांगतं. कुणी पैसे मोजून घेतलं, एवढ्याने ते त्याचं होत नाही.

मी काकूंना सगळं सांगितलं.

“अगं, यांनी चोरून नाही आणलं.”

“नाहीच, काकू. पण तिकडे एकदा कळवायला हवं.”

बराच वेळ त्या फुलांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “काढणाऱ्याला पगार मिळाला होता ना?”

“हो.”

“मुलाशी बोलते.”

अजून निरोप नाही. गप्प बसले असते, तर एव्हाना चित्र त्यांच्या भिंतीवर असतं, हे रोज मनात येतं. बुरशी गेली, रंग बसला. काल नवी पाठ लावली. शिक्क्यापुरती खिडकी कापून तिथे पारदर्शक पॉलिस्टर बसवलं आहे, म्हणजे पुढच्या माणसाला काही न उचकटता तो वाचता येईल.